सेल्फ मारला की नुसतं 'टक्'! नवीन बॅटरी टाकली तरी तेच, कोणीतरी सुचवा

भाट्येकर (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज स्वतःची गरज पडली म्हणून लिहितोय, स्वार्थी म्हणा हवं तर. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, साधी गिअरवाली, ६८ हजार किलोमीटर झालेत. राहायला रत्नागिरीत, समुद्र चालत दहा मिनिटांवर, गाडी बारा महिने उघड्यावर, डोक्यावर फक्त एक आंब्याचं झाड.

त्रास असा की गेला महिना-दीड महिना गाडी मनात येईल तेव्हा सुरू होते. चावी ऑन केली की डॅशबोर्डचे दिवे सगळे झक्क येतात, पुढे फिरवली की बॉनेटमधून एकच 'टक्' आणि मग सामसूम. कधी पाचसहा वेळा टक् झालं की सातव्यांदा बिचारी कण्हत कण्हत फिरते आणि चालू होते, आणि एकदा चालू झाली की काही म्हणजे काही तक्रार नाही, पिकअप मस्त, अ‍ॅव्हरेज मस्त. सकाळी बऱ्याचदा सुरू होते, फिरून आल्यावर गरम असताना जास्त नखरे.

आत्तापर्यंत बॅटरी बदलून झाली (चार वर्षांची होती, दुकानदार म्हणाला गेलीच आहे, साडेचार हजार). आठ दिवस सुखाचे गेले आणि नवव्या दिवशी मच्छी मार्केटसमोर टक्. मग गॅरेजवाल्याने सेल्फ मोटर (चावी मारली की इंजिन फिरवते ती) उतरवली, माझ्यासमोर टेबलावर बॅटरीला लावून दाखवली, भिरभिर फिरते, तरी म्हणाला उतरवलीच आहे तर कार्बन (मोटरला आत करंट पोचवणारे ब्रश) बदलून टाकू, टाकले, अजून अडीच हजार. चार दिवसांनी परत तेच. आता म्हणतोय ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) दाखवावा लागेल. त्याचा आकडा ऐकला आणि गाडी धक्क्यावर चालू करून घरी आणली.

अजून एक कोडं. मागच्या आठवड्यात साळवी स्टॉपला अडकलो तेव्हा एका भाजीच्या छोट्या टेम्पोवाल्याने जंपर केबल लावून दिली, पहिल्या फटक्यात चालू! काल घरी अडकली तेव्हा शेजारच्या काकांच्या गाडीवरून केबल लावली, त्यांची बॅटरी माझ्या दीडपट, तरी नुसतं टक्. म्हणजे बॅटरी कमी पडतेय की नाही पडत?

शनिवारी बाबांना डोळे तपासायला कोल्हापूरला न्यायचंय. आंबा घाटात कुठे चहाला थांबलो आणि परत सुरूच झाली नाही तर, या विचाराने झोप उडालीय.

ता. क. क्लच पण हल्ली जड लागतोय, दोन महिन्यांपूर्वीच केबल बदलली होती. पण तो वेगळा विषय, त्याचा धागा नंतर काढेन.

---

फणसपोळी (सोमवार, रात्री १०:३१)

आमच्याकडे उलटं आहे, आंबा घाटात मला गाडी लागते, तुमची लागतच नाही. हाहा, सॉरी.

आता सिरियसली. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचलीय का बघा, समुद्राजवळ फार होतं. माझ्या भावाने तीन दिवस गॅरेजच्या चकरा मारल्या आणि शेवटी टर्मिनल ढिलं निघालं, हाताने फिरत होतं. पावडर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन. आणि काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. हातातली अंगठी काढून ठेवा, पाना प्लसवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर बोट भाजतं.

---

नागपुरी_संत्रं (सोमवार, रात्री ११:०५)

भाऊ, नवीन बॅटरी म्हणजे चांगली बॅटरी असं काही नसतं. दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली पण 'नवीन' म्हणूनच विकतात. तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घेऊन ये, रात्रभर गाडी उभी ठेव आणि सकाळी काही चालू न करता बॅटरीवर लाव. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल्ल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामीच समज. मग गाडी चालू करून परत लाव, १३.८ ते १४.४ च्या मध्ये यायला पाहिजे, नाही आलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये.

आमच्याकडे तर मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत बॅटरीचं पाणी असं काही उडते की दोन-अडीच वर्षांत राम म्हणते. लोकं थंडीला घाबरतात, खरी वाट उन्हाळाच लावतो, हिवाळ्यात फक्त बिल फाटते.

---

मिनेसोटाची_माई (सोमवार, रात्री ११:४०)

थंडीला घाबरत नाही म्हणे! या इकडे जानेवारीत. उणे २५ ला बॅटरीची ताकद अर्धीसुद्धा उरत नाही आणि इंजिन ऑइल गुळाच्या पाकासारखं होतं, म्हणजे ताकद कमी आणि काम जास्त. इथे बॅटरीवर सीसीए म्हणून आकडा असतो, उणे १८ ला ३० सेकंद किती अँपिअर देईल त्याचा, आम्ही भाजी घेताना भाव बघावा तसा तो बघून बॅटरी घेतो. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं, युनिव्हर्सिटीच्या पार्किंगमध्ये चावी फिरवली आणि डॅशबोर्डसुद्धा लागला नाही, मिटन्स घालून केबल लावताना रडू आलं होतं.

असो, रत्नागिरीत हे लागू नाही. वाचतेय.

---

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ७:२०)

भावा, गरम झाल्यावर चालू होत नाही म्हणजे शंभर टक्के क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवतो तो)! माझ्या गाडीला सेम. पेट्रोल भरायला थांबलो की चालू व्हायची नाही, अर्ध्या तासाने गार झाली की चालू. स्कॅनर लावला, पी ०३३५ कोड आला, सेन्सर बदलला, विषय संपला. दीड-दोन हजारात काम हाय. ईसीएम-बिसीएम च्या नादाला लागू नको, आणि शनिवारी कोल्हापूरला येशीलच तर घरी जेवायलाच ये.

---

टॉर्कराव (मंगळवार, सकाळी ८:०२)

सोपी टेस्ट सांगतो. गाडी चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. आमचा मेकॅनिक गेली वीस वर्षं असंच करतो. आणि बॅटरीत दम आहे का बघायला दोन्ही टर्मिनलवर पाना आडवा टेकवा, ठिणगी मोठी आली की समजायचं.

---

वायरमनकाका (मंगळवार, सकाळी ८:४५)

टॉर्कराव, तुमच्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा आणि त्याच्या गॅरेजपासून लांब उभे राहा. चालू गाडीतून बॅटरी काढली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो, अँबॅसिडरच्या जमान्यात एखादा बल्ब जायचा, आजच्या गाडीत ईसीएम जातो. आणि पान्याचं म्हणाल तर चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यावर ठिणगी पाडायची? मिरजेत माझ्या शेजारच्या दुकानात बॅटरी फुटलेली मी बघितलीय, पोराच्या डोळ्यात अ‍ॅसिड गेलं, नशीब नळ जवळ होता. हे दोन्ही उद्योग कोणीही करू नका.

घाटमाथा, तुमचा क्रँक सेन्सर खरा असेल, पण ही केस ती नाही. लोक 'गाडी चालू होत नाही' या एकाच वाक्यात दोन वेगळे आजार कोंबतात. एक म्हणजे सेल्फ व्यवस्थित खर्र खर्र फिरतो पण इंजिन पकडत नाही. तिथे पेट्रोल, स्पार्क, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर (चोरी रोखणारं किल्लीचं लॉक) यातलं काहीतरी. दुसरं म्हणजे सेल्फच फिरत नाही. तिथे बॅटरी, जाड वायरी, सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा मोठा स्विच), सेल्फ मोटर, नाहीतर चावीपासून येणारी बारीक वायर. क्रँक सेन्सर गेला म्हणून सेल्फ फिरायचा थांबत नाही हो.

त्यातही आवाज ऐकायचा. टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं, सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज पडतो, सोडतो, परत ओढतो. एकच दणकट 'टक्' म्हणजे सोलेनॉइडने आपलं काम केलं पण मोटरला ताकद पोचली नाही किंवा मोटरच अडकली. काहीच आवाज नाही म्हणजे रिले, चावीचा स्विच, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नाही.

भाट्येकर, तुम्ही छान तपशीलात लिहिलंय, बहुतेक लोक 'गाडी बंद आहे प्लीज हेल्प' इतकंच लिहितात. मला तीन गोष्टी सांगा. रात्री हेडलाईट लावून सेल्फ मारा, टक् होताना हेडलाईट मंद होतात का? टेम्पोवाल्याने काळी केबल तुमच्या गाडीत नक्की कुठे लावली होती? आणि शेजारच्या काकांनी कुठे लावली? घाई नाही, आठवून सांगा. आणि ते क्लचचं जे तुम्ही ता. क. मध्ये ढकललंय ना, ते मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतंय.

---

फणसपोळी (मंगळवार, सकाळी ९:१०)

काका क्लचचा आणि सेल्फचा काय संबंध? तो क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही त्या स्विचचं म्हणताय का?

---

वायरमनकाका (मंगळवार, सकाळी ९:१४)

नाही. उत्तरं येऊ देत.

---

सीएनजीवाली (मंगळवार, दुपारी १:३०)

काकांनी दोन आजार सांगितले त्यातला पहिला मला झालाय म्हणजे माझ्या गाडीला. सेल्फ फिरत राहायचा, गाडी पकडायची नाही. मी पेट्रोल कायम रिझर्व्हवर ठेवायचे, सीएनजी असताना पेट्रोल कशाला भरायचं असा हिशोब. पण माझी गाडी सुरू पेट्रोलवरच होते आणि मग सीएनजीवर जाते, आणि पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो, तो पेट्रोलमुळेच गार राहतो, टाकी कोरडी ठेवली की तो तापून मरतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद 'ऊंऊं' असा आवाज यायचा तो बंद झाला होता, मला वाटलं गाडी शांत झाली, चांगलंच आहे. ठाण्यात घोडबंदरला उड्डाणपुलावर बंद पडली तेव्हा कळलं. आता पाव टाकी कायम ठेवते.

भाट्येकरांना याचा उपयोग नाही पण कोणीतरी सर्च करत येईल म्हणून लिहून ठेवलं.

---

खारुताई (मंगळवार, दुपारी २:०५)

उंदीर बघितलात का उंदीर. पावसाळ्यानंतर आमच्या गाडीत इंजेक्टरची वायर खाल्ली होती. एअर फिल्टरच्या डब्यात अख्खं घरटं, आंब्याच्या कोयी पण.

---

भाट्येकर (मंगळवार, रात्री ९:५०)

काका, तुमचा होमवर्क केला.

हेडलाईट समोरच्या भिंतीवर पाडून सेल्फ मारला, बायकोला भिंतीकडे बघायला उभं केलं. चार वेळा टक् झालं, ती म्हणते उजेड जराही हलला नाही. आतला छपराचा दिवा पण तसाच. मला वाटलं ही चांगली गोष्ट आहे, पण तुम्ही विचारलंय म्हणजे काहीतरी असणार.

टेम्पोवाल्याचं आठवायला वेळ लागला. त्याने लाल माझ्या बॅटरीच्या प्लसला लावली आणि काळी बॅटरीला लावलीच नाही, इंजिनवर तो लोखंडी कडीसारखा हूक असतो ना उचलायचा, त्याला लावली. मी म्हटलं अहो चुकताय, मायनस इकडे आहे, तर म्हणाला 'साहेब, बॅटरीजवळ ठिणगी नको, उस्तादने असंच शिकवलंय'. शेजारच्या काकांच्या वेळी केबल मीच लावली, दोन्ही चिमटे थेट बॅटरीवर.

नागपूरकर दादा, मल्टीमीटर आणला. सकाळी १२.५८ दाखवलं. चालू केल्यावर (आज सकाळी झाली) १३.१ च्या पुढे जाईना.

---

वायरमनकाका (मंगळवार, रात्री १०:२०)

वा. तो टेम्पोवाला भेटला तर माझ्याकडून त्याला चहा पाजा, आजाराचं निदान त्यानेच करून ठेवलंय, आपण फक्त वाचायचं आहे.

हेडलाईट मंद झाले असते तर मी बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलच्या मागे लागलो असतो. जाम झालेली सेल्फ मोटर भरपूर करंट ओढते, तेव्हाही दिवे मंद होतात. तुमच्याकडे दिवे जागचे हलत नाहीत याचा अर्थ सेल्फकडे हवा तेवढा करंट जातच नाहीये. बॅटरी चांगली, मोटर टेबलावर भिरभिर फिरते, म्हणजे मोटरही चांगली. उरला रस्ता. जायचा रस्ता म्हणजे लाल जाड वायर आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, आणि परत यायचा रस्ता म्हणजे अर्थिंग. जायचा रस्ता आपण विसरत नाही, परत यायचा सगळेच विसरतात, गॅरेजवालेसुद्धा.

तुमच्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्हवरून दोन वायरी निघत असतील. एक बारीक, ती बॉडीला. दिवे, हॉर्न, टेप सगळ्यांची परतीची वाट ती, आणि ती तुमची ठणठणीत आहे म्हणून डॅशबोर्ड झक्क लागतो. दुसरी जाड, ती खाली गिअरबॉक्सला किंवा इंजिनला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे त्याचा बॉडीशी विजेचा म्हणावा असा संबंध नाही, सेल्फ आणि अल्टरनेटर दोघांची भिस्त या एका जाड वायरीवर. माझा अंदाज, ती सडलीय. टेम्पोवाल्याने काळा चिमटा इंजिनला लावला म्हणजे सडलेल्या वायरीला बायपास करून परतीचा नवा रस्ता दिला, गाडी लगेच चालू. तुम्ही बॅटरीला लावला म्हणजे चांगल्या बॅटरीला अजून एक चांगली बॅटरी जोडली, रस्ता तसाच तुटका. चार्जिंग १३.१ च्या वर जात नाही त्याचंही कारण बहुतेक हेच, अल्टरनेटरला पण इंजिनमधूनच परत यायचंय.

आता क्लच. जाड वायर सडली म्हणून करंट गप्प बसत नाही, मिळेल ती वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या आणखी गोष्टी कोणत्या? क्लचची केबल, गिअरच्या केबली. सेल्फचा करंट त्या बिचाऱ्या क्लच केबलमधून जायला बघतो, केबल तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि क्लच जड होतो. दोन महिन्यांपूर्वी केबल बदललीत, परत जड. तीन-चार गाड्यांत मी हे बघितलंय, एकीत तर केबलला हात लावला तर चटका बसला होता.

उद्या सकाळी मल्टीमीटर वगैरे काही नको. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर. जंपर केबलची फक्त काळी घ्या, एक चिमटा तुमच्याच बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा त्या टेम्पोवाल्याच्या हूकला, रंग नसलेल्या उघड्या लोखंडावर, पंखा-बेल्टपासून लांब. दुसरी गाडी नकोच. सेल्फ मारा. फिरला तर निदान पक्कं. नाही फिरला तर मी चुकलो, मग लाल बाजू तपासू.

---

टॉर्कराव (मंगळवार, रात्री १०:४१)

काका शब्द मागे घेतो. पण एक शंका, वायर सडली असेल तर मल्टीमीटरच्या 'पीं' वर (वायर सलग असली की वाजतो तो) लगेच कळेल ना? भाट्येकरांनी आत्ताच लावून बघावा की.

---

वायरमनकाका (मंगळवार, रात्री १०:५५)

तिथेच तर भले भले फसतात. पीं वाजवायला मल्टीमीटर अगदी चिमूटभर करंट पाठवतो, शंभर तारांतली एक तार जिवंत असली तरी पीं वाजतो आणि आपण म्हणतो वायर ओके. सेल्फला १५० अँपिअर लागतात. १५० अँपिअर जाताना नुसता ०.०२ ओहमचा अडथळा आला तरी ३ व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात, आणि ०.०२ ओहम तुमचा तीनशेचा मीटर मोजूच शकत नाही. पायवाटेवरून माणूस जातो म्हणून एसटी जाईल असं नाही.

म्हणून लोड असताना मोजायचं. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (चिमट्यावर नाही, मधल्या शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. चांगल्या गाडीत ०.२ च्या आत, फार तर ०.५. त्याच्या वर जितकं दिसेल तितकं अर्थिंग खातंय. तसंच लाल बाजूला, प्लस खांब ते सेल्फचा मोठा नट.

---

भाट्येकर (बुधवार, सकाळी ७:०५)

चालू झाली!!!!!

सकाळी आधी मुद्दाम तशीच मारली, टक्. परत टक्. मग काळी केबल लावली, निगेटिव्ह ते हूक, चावी फिरवली आणि अशी फिरली की मीच दचकलो, गेल्या वर्षभरात सेल्फ इतका जोरात फिरलेला ऐकला नव्हता, म्हणजे हळूहळू कमी होत गेलं आणि आपल्याला सवय होत गेली. बंद करून परत, चालू. पाच वेळा. केबल काढली, टक्. बायको म्हणाली आता पुरे, दूध आणायचंय.

आकडे: केबल नसताना बॅटरी खांब ते इंजिन, टक् होताना ७.४ व्होल्ट. केबल लावून ०.३. लाल बाजू ०.२. केबल लावलेली असताना चार्जिंग १४.१.

---

नागपुरी_संत्रं (बुधवार, सकाळी ७:४०)

७.४!! अरे बारातले साडेसात रस्त्यातच जेवून राहिले. काका मानलं तुम्हाले.

---

घाटमाथा (बुधवार, सकाळी ८:१५)

क्रँक सेन्सर मागे घेतला. जेवणाचं आमंत्रण तसंच हाय.

---

प्रश्नचिन्ह (बुधवार, सकाळी १०:३०)

मधेच घुसतेय पण हे धक्का स्टार्टचं, भाट्येकरांची गाडी धक्क्यावर कशी काय चालू व्हायची मग? आणि माझी बटण स्टार्टवाली ऑटोमॅटिक आहे, तिला असं झालं तर धक्का मारता येईल का?

---

वायरमनकाका (बुधवार, सकाळी ११:१०)

धक्क्यात सेल्फचं काम चाकं करतात, मग ईसीएम, पेट्रोल पंप आणि स्पार्कला मिळून लागतो तो करंट थोडाच, तेवढा पायवाटेवरून जातो. दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की सोडायचा. चावी ऑन पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं, आणि इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो हे लक्षात ठेवून उतारावर सोडा.

ताई तुमच्या ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही, जंपरच. लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चांगल्या गाडीच्या प्लसला, काळी चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि चौथा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला. काढताना उलट क्रमाने. मोठ्या ट्रकवरून कधीच नाही, त्यांची सिस्टिम २४ व्होल्टची असते. आणि बटणवाल्या गाडीत 'की नॉट डिटेक्टेड' आलं तर आधी किल्लीतला सेल बघा, बहुतेकांत सीआर २०३२ असतो, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तोपर्यंत किल्ली बटणाला टेकवून बटण दाबा, बऱ्याच गाड्या तशा चालू होतात.

---

भाट्येकर (गुरुवार, रात्री ८:३०)

आज एमआयडीसीतल्या एका वायरमनकडे गेलो. ईसीएमवाल्याकडे नाही गेलो, त्याला काय बोलणार, माणूस वाईट नाही, पण चार दिवसांत एकदाही त्याने खाली वाकून ती वायर बघितली नाही.

वायरमनला धागाच दाखवला मोबाईलवर. शांतपणे वाचला, 'बरोबर आहे' एवढंच म्हणाला आणि बॅटरी उतरवली, खालचा ट्रे काढला. जाड काळी वायर वरून एकदम नवीनसारखी, मला वाटलं काका चुकले. मग त्याने गिअरबॉक्सवरचा नट सोडला आणि थिंबलला (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोटाने जरा वाकवलं तर ते तुटूनच हातात आलं. आत तांब्याची तार राहिलीच नव्हती, हिरवी भुकटी होती, पोपटी हिरवी, आणि चारपाच काळ्या पडलेल्या तारा. त्याने ब्लेडने रबर वीतभर मागे सोललं तरी हिरवंच. म्हणाला खारी हवा थिंबलच्या तोंडातून आत शिरते आणि आतल्या आत खात जाते. बॉडीची वायर मात्र चांगली निघाली.

नवीन वायर वेल्डिंगच्या केबलची बनवली, दोन्ही बाजूला तांब्याची थिंबलं मशीनने दाबली, वर ती तापवली की आवळून बसणारी नळी, गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, नट आवळून वरून ग्रीस. सगळे मिळून साडेचारशे रुपये. बॅटरी आणि कार्बनचे सात हजार डोळ्यासमोर नाचले.

मग क्लच केबल काढली. आणि गंमत म्हणजे दोन महिन्यांपूर्वीची जुनी केबल अजून डिकीतच होती, मी असल्या गोष्टी टाकत नाही, बायको शिव्या घालते. दोन्ही केबली त्याच्या बाकावर ठेवून उभ्या चिरल्या. जुनीत पांढरं अस्तर वितळून तारेला मेणासारखं चिकटलेलं, मधे मधे पिवळट तपकिरी. नवीनमध्ये पण सुरुवात झालेली. फोटो टाकतोय, पोपटी थिंबलचा पण. नवीन केबल टाकली, क्लच आता लोण्यासारखा.

---

खारुताई (गुरुवार, रात्री ९:०२)

फोटो बघून अंगावर काटा आला. मी उद्याच बघते, आम्ही मालवणात, आमचं काय झालं असेल देव जाणे.

---

वायरमनकाका (गुरुवार, रात्री ९:३०)

उत्तम काम केलंय त्याने, घासून मग ग्रीस, बरेच जण रंगावरच नट आवळतात. परत एकदा सेल्फ मारताना मोजा आणि आकडा लिहून ठेवा गाडीच्या पुस्तकात, पुढच्या वर्षी तुलनेला. शनिवारी साखरप्याला थांबाल तेव्हा क्लच केबलला हात लावून बघा.

---

भाट्येकर (शनिवार, रात्री ९:१५)

पोचलो, परत पण आलो. पाच ठिकाणी बंद-चालू केली, एकदाही टक् नाही. आकडा ०.०८. साखरप्याला चहाच्या टपरीसमोर बॉनेट उघडून केबल चाचपत होतो तर टपरीवाला मदतीला धावत आला, त्याला समजावता समजावता चहा गार झाला, केबल पण गार होती. घाटमाथा, जेवण अप्रतिम, वहिनींना सांगा पांढरा रस्सा अजून जिभेवर आहे. बाबांचा मोतीबिंदू पिकलाय, दिवाळीनंतर ऑपरेशन.

---

फणसपोळी (शनिवार, रात्री ९:२२)

मग क्लचचा वेगळा धागा आता नको ना?

---

भाट्येकर (शनिवार, रात्री ९:३१)

नको. पण मागच्या वायपरचा काढणार आहे, चालू केला की मधेच थांबतो, आणि तो चालला की मागचा डावा लाईट मंद होतो.

---

वायरमनकाका (शनिवार, रात्री ९:३३)

डिकीच्या दाराची अर्थिंग बघा आधी.